आधी बिऱ्हाड शोधावे, मग औषध काढावे

पिकावर काही विकार दिसला की पंप खांद्यावर घ्यावयाचा आणि औषधाने सारे शेत न्हाऊ घालावयाचे, ही रीत आता गावोगाव रूढ झाली आहे. पंप ही वस्तू वाईट नव्हे. योग्य वेळी आणि योग्य जागी केलेल्या फवारणीने पिके वाचली आहेत, हे कोणीही मान्य करील. परंतु फवारणी करूनही गुण येत नाही, दुसरे औषध आणले तरी येत नाही, तिसरे आणले तरी नाही, अशी तक्रार घेऊन येणारे शेतकरी दरवर्षी भेटतात. त्यांच्यापैकी पुष्कळांचे औषध खोटे नसते, प्रमाणही चुकलेले नसते. चुकलेली असते ती जागा. कीड एकीकडे राहते आणि औषध दुसरीकडे पडते. ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगाच केलेली नाही.

ज्या अतिसूक्ष्म प्राण्यांना आपण कोळी म्हणतो, त्यांच्या बाबतीत ही चूक सर्वांत अधिक घडते आणि सर्वांत महाग पडते. म्हणून ‘कोणते औषध?’ ह्या प्रश्नाआधी ‘हा प्राणी राहतो कोठे?’ हा प्रश्न विचारण्याची सवय शेतकऱ्यांनी आणि विशेषतः गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी स्वतःस लावून घेतली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ह्या मताच्या पुष्ट्यर्थ काही उदाहरणे पुढे दिली आहेत.

कोळी म्हणजे कीटक नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. येथे कोळी म्हणजे घराच्या कोपऱ्यात जाळे विणणारा मोठा कोळी अभिप्रेत नाही. त्याच्याच दूरच्या भाऊबंदांपैकी हे अतिसूक्ष्म प्राणी होत. कीटकास सहा पाय असतात. कोळी पूर्ण वाढला म्हणजे त्यास सामान्यतः आठ पाय असतात. त्यांतही एक कुळी अशी आहे की, तिला जन्मभर चारच पाय असतात आणि तेही तोंडाजवळ. बाकीचे शरीर एखाद्या पांढुरक्या अळीसारखे लांबट असते. ह्या कुळीतील प्राण्यांची लांबी सुमारे पाव मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी भरते. चार-पाच कोळी एकापुढे एक ठेवले तर कोठे एक मिलिमीटर होईल.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. कोळी कीटक नसल्यामुळे कीटकांसाठी तयार केलेली पुष्कळ औषधे त्याच्यावर चालत नाहीत. उलट, वांगी-भेंडीवरील लाल कोळ्याच्या बाबतीत असा अनुभव आहे की, सर्वच किडी मारणारी जहाल औषधे वारंवार वापरली म्हणजे कोळ्यांस खाणारे मित्रजीव आधी मरतात आणि कोळी पूर्वीपेक्षा अधिक माजतो. शेतकऱ्याला वाटते, औषध कमी पडले. वस्तुतः औषधाने शत्रूचे नव्हे, आपल्या पहारेकऱ्यांचे प्राण घेतलेले असतात.

दुसरी गोष्ट अशी की, एवढ्या लहान जिवाला उघड्यावर जगणे परवडत नाही. ऊन त्यास सुकवते, पाऊस धुऊन नेतो, वारा उडवून नेतो. म्हणून तो आडोसा शोधतो. कोणी पानाच्या लवेत राहतो, कोणी भाताच्या खोडास बिलगलेल्या पर्णकोशाच्या आत शिरतो, कोणी मिटलेल्या कळीत, तर कोणी मधमाशीच्या श्वासनलिकेतही संसार थाटतो. प्रत्येकाचे बिऱ्हाड ठरलेले असते आणि त्या बिऱ्हाडाच्या भिंती हेच त्याचे चिलखत असते. भिंत कोणती आणि दार केव्हा उघडते हे ज्याला कळले, त्याला अर्धा इलाज कळला.

नारळाच्या टोपीखालील वस्ती

कोकणातील माडाचे उदाहरण घेऊ. शहाळ्यावर वा नारळावर देठाजवळ तपकिरी, भेगाळलेले, खरखरीत चट्टे पडलेले आज पुष्कळ ठिकाणी दिसतात. कधी भेगांतून डिंकही पाझरतो. हे काम इरिओफाइड कोळ्याचे. मेक्सिको देशातील गेरेरो प्रांतातून आलेल्या नमुन्यांवरून ह्या जातीचे शास्त्रीय वर्णन 1965 साली प्रसिद्ध झाले आणि त्या प्रांतावरूनच तिला नाव मिळाले. आपल्या देशात ती 1998 साली केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात नोंदली गेली. पुढे दक्षिणेकडील राज्यांतून पसरत ती कोकणातही येऊन पोहोचली. तिला पंख नाहीत, चालही अगदी मंद. तिचे वाहन म्हणजे वारा.

हा कोळी राहतो कोठे? नारळाच्या देठाजवळ सहा जाड पाकळ्यांची एक टोपी असते. तीन पाकळ्या बाहेर आणि तीन आत, एकमेकींवर घट्ट बसलेल्या. कोवळ्या फळाची वाढ मुख्यतः ह्या टोपीखालच्या मऊ भागातून होते. तेथे ऊन नाही, पाऊस नाही, ओलावा आहे आणि कोवळा रस आहे. कोळ्यास ह्याहून चांगली जागा कोणती मिळणार? अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास त्यास सुमारे आठवडा ते दहा दिवस पुरतात. त्यामुळे एका टोपीखाली पाहता पाहता हजारोंची वस्ती होते.

परंतु ह्या घराचे दार नेहमीच उघडे नसते. फलधारणा होण्यापूर्वी मादी फुलाच्या पाकळ्या इतक्या घट्ट असतात की, कोळ्यासही आत शिरता येत नाही. फलधारणेनंतर सुमारे महिनाभराने फळ व पाकळी ह्यांच्यामध्ये सूक्ष्म फट पडते आणि तेथून त्याचा प्रवेश होतो. तीन ते सहा महिन्यांच्या फळांत वस्ती सर्वांत दाट असते. त्यानंतर फळाचा तो भाग निबर होत जातो आणि कोळ्यांची संख्या घटते.

आता ह्या एवढ्या माहितीवरून व्यवहाराचा केवढा मोठा निष्कर्ष निघतो, तो पाहावा. फळ टोपीखालून वाढत वाढत बाहेर सरकते. टोपीखाली असताना जो भाग कोळ्याने ओरबाडला, तोच काही काळाने टोपीबाहेर येतो. प्रथम देठाजवळ फिकट पिवळसर त्रिकोणी डाग दिसतो, पुढे तो तपकिरी होऊन फाटतो. म्हणजे आपणास दिसणारा चट्टा हा आजचा रोग नव्हे. ती मागे होऊन गेलेल्या नुकसानीची खूण आहे. सात-आठ महिन्यांच्या, चट्टे पडलेल्या नारळांवर औषध मारणे म्हणजे चोर निघून गेल्यावर रिकाम्या घरास कुलूप लावणे होय. तो चट्टा कोणत्याही औषधाने जावयाचा नाही. आणि ज्या दोन ते पाच महिन्यांच्या, बाहेरून नितळ दिसणाऱ्या बोंडांना संरक्षणाची खरी गरज असते, त्यांच्याकडे कोणाचे लक्षही नसते.

माडावर साधारणपणे दर महिन्यास एक पोय फुटते. त्यामुळे नुकत्याच उमललेल्या पोयीपासून खाली घड मोजत गेले की प्रत्येक घडाचे वय महिन्यांत अंदाजाने कळते. ही मोजणी ज्याला आली, त्याला फवारणी कोठे करावयाची हे निराळे सांगावे लागत नाही. दोन ते पाच महिन्यांच्या घडांवर, तेही झावळ्यांवर नव्हे तर बोंडांच्या टोपीवर, द्रावण बारीक तुषारांनी पडले पाहिजे. नुकत्याच उमललेल्या पोयीवर फवारू नये. तेथे कोळी नसतो, मधमाशा मात्र असतात.

कासरगोड येथील केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेने ह्यासाठी कडुनिंबाचे तेल व लसूण ह्यांचे मिश्रण सुचविले आहे. एक लिटर पाण्यास 20 मिलिलिटर कडुनिंबाचे तेल, 20 ग्रॅम लसूण आणि 5 ग्रॅम साबण असे त्याचे प्रमाण आहे. साबण थोड्या पाण्यात विरघळवून त्यात तेल हळूहळू घालून घुसळावे. लसूण वाटून त्याचा अर्क फडक्याने गाळून मिसळावा आणि मग उरलेले पाणी घालावे. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. वर्षातून तीन वेळा, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर ह्या काळांत, ही फवारणी करावी. माड उंच असून चढणे अवघड असेल, तर निंबयुक्त औषध मुळावाटे देण्याची पद्धतही आहे. ती जवळच्या संशोधन केंद्राच्या किंवा तज्ज्ञाच्या सल्ल्याने अवलंबावी. त्याबरोबरच माडास शिफारशीप्रमाणे खत, आळ्यात हिरवळीचे खत आणि उन्हाळ्यात पाणी द्यावे, कारण पोसलेला माड कोळ्याचा मार अधिक सोसतो. गळून पडलेली बोंडे गोळा करून नष्ट करावीत. ज्यांना नवी लागवड करावयाची आहे, त्यांनी उपद्रव कमी होणाऱ्या वाणांची चौकशी करावी. ह्याच संस्थेने निवडलेला ‘कल्पहरिथा’ हा असा एक वाण आहे.

खर्चाचा हिशेबही मांडून पाहावा. पन्नास माडांच्या बागेत तीन फवारण्या म्हणजे दीडशे वेळा माडावर चढणे-उतरणे आले. आज पाडेली मिळणे कठीण आणि मिळाला तर मजुरी भारी. एवढे करून द्रावण झावळ्यांवर आणि पिकत आलेल्या नारळांवर पडले, तर पैसा, श्रम आणि जोखीम तिन्ही वाया. तेव्हा वर चढणाऱ्या माणसास, तो बागेचा मालक असो की मजूर असो, टोपीखालची गोष्ट चार वाक्यांत समजावून सांगणे, हे औषधाच्या बाटलीइतकेच मोलाचे आहे. माझ्या मते तिच्याहूनही अधिक मोलाचे आहे.

तुरीच्या पानामागील भाडेकरू

दुसरे उदाहरण तुरीचे. मराठवाडा, विदर्भ व खानदेशातील शेतकऱ्यांस वांझ रोग सांगावयास नको. झाड झुडपासारखे वाढते, पाने लहान राहतात, त्यांवर फिक्या व गडद हिरव्या रंगाची चित्रकारी दिसते आणि फूल-शेंग म्हणून काही येत नाही. चहूकडची तूर पिकून पिवळी पडली तरी हे झाड हिरवेगार उभे असते. कित्येकांना ते निरोगीही वाटते आणि म्हणून ते राखले जाते. येथेच घात होतो.

हा रोग 1931 साली बिहारमधील पुसा येथून नोंदला गेला. तो विषाणूमुळे होतो आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तो नेणारा प्राणी म्हणजे वर सांगितलेल्या चतुष्पाद कुळीतीलच एक कोळी होय. तो कोवळ्या पानांच्या खालच्या अंगास, लवेच्या आडोशाने राहतो. तो जाळे विणत नाही, पान सुकवीत नाही, स्वतः फारशी नुकसानीची खूणही सोडीत नाही. त्यामुळे शेतकरी वर्षानुवर्षे रोग पाहतो, पण रोग आणणाऱ्यास पाहत नाही.

ह्या कोळ्याचे बिऱ्हाड फारच ठरलेले आहे. तूर आणि तिच्या अगदी जवळच्या काही रानटी जाती सोडल्या तर त्यास दुसरीकडे नीट जगता येत नाही. झाडापासून दूर झाला तर तो एक दिवसही काढू शकत नाही. रोगट पानावर मात्र त्याची वाढ जोमाने होते. रोग बियांतून पसरत नाही. मग पीक निघून गेल्यावर पुढच्या खरिपापर्यंत कोळी आणि विषाणू दोघे राहतात कोठे? बांधावर राखलेल्या जुन्या तुरीवर, परसातील बारमाही झाडावर, खोडव्याच्या फुटव्यांवर आणि आपोआप उगवलेल्या रोपांवर. हाच त्यांचा पूल. पाऊस पडून नवे पीक उगवले की वाऱ्याबरोबर हे पाहुणे पुन्हा शेतात उतरतात. पीक लहान असताना लागण झाली तर त्या झाडापासून जवळजवळ काहीच हाती येत नाही. उशिरा लागण झाली तर झाडाच्या काही फांद्यांवरच रोग दिसतो आणि थोड्याफार शेंगा येतात.

म्हणजे येथे खरा उपाय पंपात नसून विळ्यात आहे. जुनी, बारमाही, रोगट तूर पेरणीपूर्वी गावातून काढून टाकावी. पेरणीनंतरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत शेतात फिरून रोगट रोप दिसताच ते उपटून पुरावे किंवा जाळावे. पेरणीस रोगप्रतिकारक वाण घ्यावा. बदनापूर येथील संशोधन केंद्राने दिलेले बीएसएमआर 736 आणि बीएसएमआर 853, म्हणजेच वैशाली, हे वाण ह्याच दृष्टीने निवडलेले आहेत.

परंतु येथे एक अडचण आहे आणि ती तंत्राची नसून गावाची आहे. एकट्याने आपला बांध साफ केला आणि शेजाऱ्याने राखला, तर वारा सात-बारा पाहून वाहत नाही. हे काम सामुदायिक आहे. ग्रामसभेत अर्धा तास ह्या विषयास द्यावा, एक दिवस ठरवावा आणि त्या दिवशी शिवारातील सारी जुनी तूर काढावी. गावकार्यकर्त्याने घडवून आणावयाचे काम ते हेच. फवारणी प्रत्येकाला एकट्याने करता येते, म्हणून ती सोपी वाटते. बिऱ्हाड मोडण्यास मात्र शेजार लागतो.

बंद कोठडीतील परजीवी

मधमाशा पाळणाऱ्यांच्या अनुभवातही हाच धडा आहे. व्हॅरोआ नावाचा तांबूस, चपटा कोळी मधमाशीच्या अंगास चिकटून राहतो आणि पिल्लांच्या कोठडीत वाढतो. पिल्लाची कोठडी मेणाने बंद होण्याच्या अगदी आधी मादी कोळी आत शिरते आणि पिल्लाच्या खाद्यात दडून बसते. कोठडी बंद झाल्यानंतर दोन-अडीच दिवसांनी ती पहिले अंडे घालते, ते नराचे. पुढील अंडी माद्यांची. भावंडांचा समागम त्या बंद कोठडीतच होतो, नर तेथेच मरतो आणि तयार माद्या नव्या माशीबरोबर बाहेर पडतात. पेटीत धुरी वा औषध वापरले असता ते माशांच्या अंगावरील कोळ्यांस लागते, पण बहुतेक औषधे मेणाच्या झाकणाआड पोहोचत नाहीत. आठ दिवसांनी पुन्हा तेवढेच कोळी दिसतात आणि पाळणारा म्हणतो, औषध निकामी निघाले.

आपल्या देशी सातेरी मधमाशीशी ह्या कोळ्यांचे जुने नाते आहे. तिच्या वसाहतीत ते मुख्यतः नर माशांच्या कोठड्यांतच वाढतात आणि सातेरी माश्या अंगावरील कोळी वेचूनही काढतात. त्यामुळे वसाहत सहसा टिकून राहते. युरोपीय मेलिफेरा माशीत मात्र कामकरी माशांच्या कोठड्यांतही तो वाढतो आणि दुर्लक्ष झाल्यास पेटी बसते. मेलिफेराच्या पेट्या सूर्यफुलात किंवा फळबागेत ठेवणाऱ्यांनी नर माशांची बंद पिल्ले असलेला पोळ्याचा भाग वेळोवेळी कापून काढावा. कोळ्यास नर कोठडी अधिक प्रिय असते, म्हणून तो आपण होऊन ह्या सापळ्यात येतो. शत्रूची आवड ओळखून त्याच्याच बिऱ्हाडात त्याला पकडण्याचा हा उपाय औषधावाचून होतो.

मित्रांचीही घरे असतात

आतापर्यंत शत्रूंच्या घरांची गोष्ट झाली. परंतु सर्व कोळी शत्रू नव्हेत. शेतातील कोळ्यांच्या कित्येक जाती आपल्या पक्षाच्या आहेत. त्यांचीही घरे असतात आणि ती आपण न कळत मोडतो, ही माझी मुख्य तक्रार आहे.

द्राक्षाच्या काही जातींच्या, कॉफीच्या आणि अनेक रानझाडांच्या पानांच्या खालच्या बाजूस, जेथे शिरा एकमेकींस मिळतात तेथे, लवेचे बारीक झुपके किंवा लहानसे खळगे असतात. त्यांत दुसऱ्या कोळ्यांस खाणारे परभक्षी कोळी राहतात व अंडी घालतात. लुंडस्ट्रोम नावाच्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1887 सालीच ह्या खळग्यांचे वर्णन करून त्यांना ‘घरकुले’ अशा अर्थाचे नाव दिले. झाडाने आपल्या पहारेकऱ्यास दिलेली ही जणू चौकीच होय.

नारळातही पहारेकरी आहे. एक चपटा, लांबट, आखूड पायांचा परभक्षी कोळी टोपीखाली शिरून इरिओफाइड कोळ्यांस खातो. त्याचा बांधाच मुळी अरुंद जागेत शिरण्याजोगा आहे. तथापि तो आपल्या भक्ष्यापेक्षा मोठा असल्यामुळे फट थोडी रुंदावल्यावरच त्यास आत जाता येते. त्यामुळे शत्रूस काही दिवसांची आघाडी मिळते. तरीही त्याचे मोल मोठे आहे. श्रीलंकेतील नारळ संशोधन संस्थेने तर त्याची पैदास करून तो बागांत सोडण्याचे काम केले आहे. आपण सर्वनाशी औषध मारतो तेव्हा फटीच्या आत खोल बसलेला शत्रू बचावतो आणि बाहेर हिंडणारा हा मित्र मरतो. घर ज्याचे खोल, तो वाचतो. फवारणीचा हा विपरीत न्याय आपण विसरू नये.

जमिनीवरील पाचोळ्यातही असेच एक जग आहे. कुजत्या पानांच्या थरात, ओलाव्याच्या आश्रयाने, अनेक जातींचे कोळी व इतर सूक्ष्म प्राणी हजारोंनी राहतात. ते पाने कुरतडून बारीक करतात, बुरशीचा प्रसार करतात आणि पाचोळ्याचे खत होण्यास हातभार लावतात. कोकणात बागेतील पातेरा गोळा करून पेटविण्याची सवय आहे. गळलेली रोगट बोंडे नष्ट करावीत असे मी वर म्हटले. त्याचा अर्थ सारी बाग झाडून जाळावी असा नव्हे. निरोगी पातेरा माडाच्या व कलमांच्या आळ्यात पसरावा. एका काडीत आपण आपले खत आणि ते तयार करणारे मजूर दोन्ही जाळतो.

आक्षेपांचा विचार

ह्यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, शेतकऱ्याला एवढे पाहावयास वेळ कोठे आहे? उत्तर असे की, पाहण्यास लागणारा वेळ फवारणीस लागणाऱ्या वेळापेक्षा कमी आहे. तीन-चार महिन्यांचे एखादे गळलेले ताजे बोंड उचलावे, चाकूच्या टोकाने पाकळ्या उचकटाव्यात आणि दसपट भिंगातून पाहावे. पांढऱ्या पिठासारखे काही हालताना दिसले तर वस्ती आहे. ह्यास पाच मिनिटे पुरतात. भिंगाची किंमत औषधाच्या एका बाटलीहून अधिक नसते आणि ते वर्षानुवर्षे टिकते.

दुसरा आक्षेप कार्यकर्त्यांचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. शेतकरी दारात उभा राहून म्हणतो, “साहेब, औषधाचे नाव तेवढे लिहून द्या.” नाव लिहून दिले की तो समाधानाने जातो. “काका, आधी बागेत जाऊन पाहू,” असे म्हटले की त्यास वाटते, ह्याला काही येत नाही. हा अनुभव माझ्या अनेक सहकाऱ्यांस आहे. शिवाय आपल्या कामाचा लेखाजोखा बहुधा किती निविष्ठा वाटल्या, किती क्षेत्रावर फवारणी झाली ह्या आकड्यांनी होतो. भिंग घेऊन किती बांधांवर बसलो, ह्यास रकाना नसतो. माझी नम्र सूचना अशी की, कीड-रोगाच्या प्रत्येक अहवालात ‘कीड झाडाच्या कोणत्या भागात आढळली’ आणि ‘मित्रजीव आढळले काय’ असे दोन रकाने घालावेत. जे लिहावे लागते ते माणूस पाहू लागतो.

तिसरा आक्षेप असा की, पाहत बसलो आणि पीक गेले तर? हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच मी फवारणीच्या विरुद्ध बोलत नाही. प्रादुर्भाव वाढला असेल तर कोळीनाशकच लागते आणि तेही शिफारस केलेले, त्या पिकासाठी नोंदणी झालेले, सांगितलेल्या प्रमाणात. भाजी व शहाळे ह्यांच्या बाबतीत तर फवारणी व काढणी ह्यांमधील दिवस पाळणे हे खाणाऱ्याशी इमान राखण्याचे काम आहे. माझे म्हणणे इतकेच की, पाहणी आणि फवारणी ह्यांचा क्रम उलटू नये.

कार्यकर्त्यांनी काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या हंगामात चार गोष्टी कराव्यात. खिशात एक भिंग बाळगावे. शेतकऱ्याने विकार दाखविला की तीन प्रश्न विचारावेत: खूण आजची की मागची, ती करणारा प्राणी झाडाच्या कोणत्या भागात आहे, आणि त्याच्या घराचे दार केव्हा उघडते. प्रत्येक गावात एक तरी बोंड, एक तरी तुरीचे रोगट झाड शेतकऱ्यांसमोर उलगडून दाखवावे, कारण डोळ्यांनी पाहिलेले व्याख्यानापेक्षा अधिक काळ टिकते. आणि ज्या गावात तूर होते तेथे पेरणीपूर्वी जुन्या तुरीच्या उच्चाटनाचा एक दिवस ठरवून घ्यावा. कोकणातील कार्यकर्त्यांस नारळाविषयी काही शंका असल्यास रत्नागिरीजवळील भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राकडे जरूर विचारणा करावी.

आपल्या शेतकऱ्याचे डोळे मुळात आंधळे नाहीत. ढगाच्या रंगावरून पाऊस ओळखणारा, बैलाच्या चालीवरून त्याच्या खुरातील खडा ओळखणारा हा माणूस आहे. हे जग अतिसूक्ष्म असल्यामुळे ते त्याच्या नजरेच्या टप्प्यात आले नाही, एवढेच. ते त्याच्या नजरेस आणून देणे हे आपले काम आहे. एकदा ते दिसले की पंप केव्हा उचलावा आणि केव्हा खुंटीला टांगून ठेवावा, हे त्याचे तो ठरवील, आणि बहुधा ते आपल्याहून चांगले ठरवील.